मायक्रोफोनपुढचा रचनाकार : राज्यसंस्था, नियंत्रण आणि मराठी संगीतरचना

गोषवारा

राज्यसंस्था संगीतावर नियंत्रण ठेवते म्हणजे नेमके कशावर ठेवते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. सोव्हिएत रशियातील रचनाकारांच्या बाबतीत हे नियंत्रण लिहिलेल्या संहितेवर होते. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत रचना ही गाणाऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. त्यामुळे येथील नियंत्रण शब्द, मायक्रोफोन, वाद्य आणि कलावंताची श्रेणी या चार ठिकाणी वसले. खाडिलकर, मास्टर कृष्णराव, डॉ. बा. वि. केसकर, श्री. ना. रातंजनकर आणि सुधीर फडके यांच्याशी निगडित घटनांच्या आधारे या चार ठिकाणांची चिकित्सा येथे केली आहे. शेवटी शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण व आदिवासी भागातील निनावी रचनाकाराच्या दृष्टीने या इतिहासाकडे पाहिले आहे.

बीजसंज्ञा : बंदिश, नाट्यपद, आकाशवाणी, स्वरपरीक्षा, परिनिरीक्षण, सुगम संगीत, तमाशा.

१. प्रस्तावना

संगीतकार आणि सत्ता यांच्या संघर्षाची चर्चा निघाली की पहिले नाव येते ते दिमित्री शोस्ताकोविच यांचे. त्यांची 'लेडी मॅकबेथ' ही संगीतिका १९३४ मध्ये रंगभूमीवर आली आणि दोन वर्षे गाजत राहिली. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन यांनी ती पाहिली आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा' या पक्षपत्रात तिच्यावर कठोर अग्रलेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तालमी चालू असताना शोस्ताकोविच यांनी आपली चौथी सिंफनी मागे घेतली. ती लोकांपुढे आली १९६१ मध्ये. फेब्रुवारी १९४८ च्या पक्षठरावाने त्यांच्याबरोबर प्रोकोफिएव, खाचातुरियान, म्यास्कोव्स्की आदी रचनाकारांवर 'रूपवादा'चा ठपका ठेवला. मराठी वाचकाला हा शब्द अपरिचित नाही. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद मराठीतही दीर्घकाळ रंगला. मात्र तो नियतकालिकांच्या पानांवर आणि व्याख्यानांच्या मंचावर लढला गेला. सोव्हिएत रशियात त्याच वादाचा निकाल पक्षाच्या ठरावाने लागत होता.

या उदाहरणाचा मराठी संगीतविचारावर एक परिणाम झालेला दिसतो. नियंत्रण म्हणजे बंदी, आणि रचनाकार म्हणजे एक तर बळी नाही तर बंडखोर, अशी सोपी विभागणी रूढ झाली. या मोजपट्टीने पाहिले तर भारतीय संगीताच्या क्षेत्रात फारसे काही घडलेच नाही असे वाटू लागते. बंदिश बांधली म्हणून कोणी गायक छळछावणीत गेला नाही. एखादा राग गाण्यास सरकारने मनाई केली, असेही ऐकिवात नाही. तरीही येथे नियंत्रण नव्हते असे म्हणता येणार नाही. ते वेगळ्या जागी होते, एवढेच.

ही जागा वेगळी असण्याचे कारण संगीताच्या स्वरूपातच आहे. पाश्चात्त्य अभिजात परंपरेत रचना कागदावर पूर्ण होते. तो कागद तपासता येतो, जप्त करता येतो, खणात बंद करून ठेवता येतो. हिंदुस्थानी संगीतात बंदिश हे विस्ताराचे बीज असते. चार ओळींची चीज प्रत्यक्ष मैफलीत तासभर उलगडते आणि तिचा बराचसा भाग त्या क्षणी निर्माण होतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, तरी त्या स्वरलिपीला कोणी गाणे मानले नाही. अशा संगीतावर ज्याला अंकुश ठेवायचा आहे त्याला कागद तपासून भागत नाही. त्याला गाणाऱ्यालाच तपासावे लागते. त्याने काय म्हणावे, कोठे बसून म्हणावे, कोणत्या वाद्याच्या साथीने म्हणावे आणि म्हणण्यास तो पात्र आहे की नाही, हे ठरवावे लागते.

२. शब्दांची झडती

वसाहतकालीन सरकारला संगीतात रस नव्हता. त्याची नजर शब्दांवर होती. बंगालमधील नाट्यप्रयोगांच्या निमित्ताने १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा झाला आणि राजद्रोही, बदनामीकारक अथवा अश्लील वाटणारा प्रयोग थांबवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मराठी रंगभूमीवर या कायद्याचा सर्वांत गाजलेला आघात झाला तो कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'कीचकवध' या नाटकावर. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत पराधीन देश पाहिला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

'कीचकवध' गद्य नाटक होते. बंदीनंतर पुढच्याच वर्षी, मार्च १९११ मध्ये, खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. १९१६ मध्ये 'संगीत स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. ख्यालगायकीतील बंदिशी, ठुमरी-दादऱ्याचे ढंग आणि उत्तरेतील चिजा नाट्यपदाच्या रूपाने मराठी घराघरांत पोहोचल्या त्या याच काळात. एका बंदीमुळे संगीत नाटकाचा सुवर्णकाळ आला, असा कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल. किर्लोस्कर मंडळीची गरज, बालगंधर्वांचा उदय, प्रेक्षकांची अभिरुची ही कारणे त्याहून प्रबळ होती. तरी एवढे निश्चित म्हणता येते की गद्य संवादातील रूपक पकडण्यात सरकारी यंत्रणा तरबेज झाली होती आणि यमन-भूपातल्या पदाची झडती कशी घ्यावी, याचे साधन तिच्यापाशी नव्हते.

याचा दुसरा पुरावा चित्रपटात मिळतो. प्रभात कंपनीने संत एकनाथांच्या जीवनावर १९३५ मध्ये काढलेल्या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. हे नाव गांधीजींची आठवण करून देणारे म्हणून परिनिरीक्षकांना खटकले आणि चित्रपट 'धर्मात्मा' या नावाने प्रदर्शित झाला. एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. अस्पृश्यतेविरुद्धचा आशय एकनाथांच्या चरित्रातच होता. तो अभंगाच्या चालीवरून प्रेक्षकांपर्यंत गेला. परिनिरीक्षकाने पाटी बदलली. चालीला हात लावणे त्याला सुचलेही नाही. चालीतून जे वाहून जाते ते शब्दांच्या चाळणीत अडकत नाही, ही गोष्ट मराठी रचनाकारांना या काळाने दाखवून दिली.

३. 'वंदे मातरम्' : एका चालीचा प्रवास

शब्द आणि चाल यांची ही फारकत एका गीताच्या बाबतीत टिकली नाही. 'वंदे मातरम्' चे शब्द सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे ते कोण, कोठे आणि कसे गातो यालाच राजकीय अर्थ आला. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत हे गीत गात असत. डिसेंबर १९२३ मध्ये काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला आक्षेप घेतला. पलुस्करांनी तो न जुमानता गीत पूर्ण केले. हा प्रसंग सहसा गायकाच्या निर्भयतेचा म्हणून सांगितला जातो. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संगीतावरचा आक्षेप येथे परकीय सरकारकडून आलेला नव्हता, राष्ट्रीय चळवळीच्या आतून आलेला होता. प्रत्येक विचारसरणीला आपापला स्वर हवा असतो आणि आपापली शांतताही हवी असते. पुढे १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने गीताची पहिली दोन कडवीच सार्वजनिक गायनासाठी पुरेशी मानली, हाही त्याच प्रश्नावर काढलेला एक राजकीय तोडगा होता.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८-१९७४) हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळी, प्रभात आणि नंतर 'कुलवधू'सारखी नाटके असा त्यांचा रचनाप्रवास आहे. 'वंदे मातरम्' ला त्यांनी झिंझोटी रागात चाल दिली. मुंबई आकाशवाणी केंद्रावरील आपल्या कार्यक्रमात त्यांनी हे गीत सुरू केले आणि मायक्रोफोन बंद करण्यात आला. कृष्णरावांनी आकाशवाणीवर बहिष्कार घातला. स्वातंत्र्य मिळाल्यावर सरदार पटेलांच्या पुढाकाराने तो संपला आणि त्याच माध्यमावरून त्यांनी हे गीत गायिले.

या घटनेत नियंत्रणाचे नवे रूप दिसते. १८७६ च्या कायद्याला नोटीस, आदेश आणि पोलीस लागत. मायक्रोफोनला केवळ एक कळ लागते. गायक गातच असतो, त्याचा आवाज मात्र खोलीबाहेर जात नाही. बंदीचा कागद निघत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही उरत नाही. अशा वेळी रचनाकाराच्या हाती एकच उपाय राहतो, तो म्हणजे स्वतःच माध्यमाकडे पाठ फिरवणे. कृष्णरावांना तो परवडला, कारण नाटक आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत त्यांचे स्थान पक्के होते. केवळ रेडिओच्या मानधनावर गुजराण करणाऱ्या साथीदाराला तो परवडला असता काय, हा प्रश्न गौरवपर लेखनात विचारला जात नाही.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हा काळ परका नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २ जानेवारी १९४३ रोजी, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सरकारी मायक्रोफोनवर जे म्हणता येत नव्हते ते म्हणण्यासाठी शहरात गुप्त यंत्र उभारले गेले आणि सह्याद्रीत माणसे लढली. कृष्णरावांचा बहिष्कार या व्यापक पार्श्वभूमीवर ठेवला की तो एका कलावंताच्या मानापमानापुरता उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. कृष्णरावांनी दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे आपल्या चालीचे प्रात्यक्षिक केले. वाद्यवृंदावर आणि बँडवर ती वाजवता येते हे दाखवण्यासाठी परिश्रम घेतले. ऑगस्ट १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी सभागृहात जे निवेदन केले त्यात 'जन गण मन'ची चाल वाद्यवृंदासाठी अधिक सोयीची असल्याचा मुद्दा होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी ती वाजवली गेली आणि पसंत पडली, याचा दाखलाही होता. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून आणि 'वंदे मातरम्' त्याच्या बरोबरीच्या सन्मानाचे गीत म्हणून घोषित केले. निर्णयामागे राजकीय समतोलाचा विचार होता, हे उघड आहे. पण चर्चेची भाषा संगीताची होती. झिंझोटीसारख्या मींडप्रधान रागाला लष्करी बँडच्या कसोटीवर उतरावे लागले. नव्या राष्ट्राने आपल्या रचनाकाराला विचारलेला पहिला प्रश्न 'चाल सुंदर आहे काय' असा नव्हता, 'चाल वाजवता येते काय' असा होता.

४. वाद्य, चारित्र्य आणि श्रेणी

आकाशवाणीवरील हार्मोनियमबंदी हा या इतिहासातील सर्वांत विलक्षण अध्याय. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीच्या केंद्रांवर हार्मोनियमची साथ बंद झाली. हा निर्णय लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीतला. त्यापूर्वी जॉन फोल्ड्स या इंग्रज रचनाकाराने या वाद्यावर लेखणी चालवली होती आणि रवींद्रनाथ ठाकुरांचाही हार्मोनियमला विरोध होता. आक्षेप शास्त्रीय होता. ठरावीक स्वरपट्ट्यांच्या या वाद्यावर श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, मींड घेता येत नाही. वसाहतवादी प्रशासनाने परदेशी वाद्यावर भारतीय अस्सलपणाच्या नावाने बंदी घातली आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने ती तशीच चालू ठेवली. १९७१ मध्ये ती शिथिल झाली.

मराठी संगीताला या बंदीची झळ विशेष होती. 'मानापमान'चे रचनाकार गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक. नाट्यपदाची घडणच ऑर्गन आणि पेटीच्या सुरांवर झालेली. ज्या स्वराधाराने पद जन्माला आले तोच काढून घेऊन ते गाण्यास सांगितले जात होते. नाट्यपद बंद झाले नाही; सारंगी-व्हायोलिनच्या साथीने ते गायिले गेले. येथेही शब्द तपासले गेले नव्हते. बदलला तो ध्वनी. तरीही या बंदीला कोणी राजकीय नियंत्रण म्हणत नाही, कारण तिचे समर्थन संगीतशास्त्राच्या परिभाषेत झाले. विचारसरणी जेव्हा शास्त्राची भाषा बोलू लागते तेव्हा ती ओळखणे सर्वांत कठीण असते.

१९४६ मध्ये माहिती व नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण ठरले. कृष्णरावांना सन्मानाने परत बोलावणारे पटेल आणि हे धोरण राबवणारे पटेल एकच. या धोरणाचा रोख देवदासी, कलावंतीण, नायकीण आणि तवायफ परंपरेतील स्त्रियांवर होता. गोवा आणि महाराष्ट्रातील ख्यालगायकी या स्त्रियांनी जपली, वाढवली. घराण्यांच्या चिजा त्यांच्या कंठात राहिल्या. नैतिकतेच्या या चाळणीने रचनेचे काय नुकसान केले, याचा हिशेब मांडणेही शक्य नाही, कारण जे ध्वनिमुद्रित झाले नाही त्याची नोंदच उरत नाही.

१९५२ ते १९६२ या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे नभोवाणी खाते होते. पुण्यात जन्मलेल्या, काशी विद्यापीठात व पॅरिसमध्ये शिकलेल्या या मराठी मंत्र्याला संगीताची खरी जाण होती. याविषयीचे त्यांचे विचार पुढे १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आले. संस्थानिकांचा आश्रय संपल्यानंतर शास्त्रीय संगीताचा पालक राज्यसंस्थेनेच व्हावे, ही त्यांची भूमिका. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पं. रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. गावोगावच्या श्रोत्याला उस्ताद आणि पंडितांचे गाणे विनामूल्य ऐकायला मिळाले, हे श्रेय केसकरांचे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

त्याच मंत्र्याने चित्रपटगीतांचे प्रसारण आवळले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींची 'गीतमाला' घरोघर ऐकू येऊ लागली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. श्रोत्याच्या हातात रेडिओची खुंटी असते, हे येथे सिद्ध झाले. मायक्रोफोनची कळ सरकारच्या हाती, पण खुंटी श्रोत्याच्या हाती. सोव्हिएत श्रोत्याला एवढी मोकळीक नव्हती.

कलावंताच्या हातात मात्र अशी कोणतीही खुंटी नव्हती. केसकरांच्या काळात स्वरपरीक्षेची व्यवस्था उभी राहिली. कलावंतांना परीक्षक मंडळापुढे जाऊन श्रेणी मिळवावी लागली. मानधन आणि कार्यक्रमांची संख्या त्या श्रेणीवर ठरू लागली. परंपरागत घराण्यांतील अनेक बुजुर्गांना हा अपमान वाटला. निषेध झाले, बहिष्कार पडले. या व्यवस्थेत प्रमुख भूमिका बजावली ती पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. भातखंड्यांचे पट्टशिष्य, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य आणि 'सुजान' या नाममुद्रेने असंख्य बंदिशी रचणारे रातंजनकर स्वतः पहिल्या प्रतीचे रचनाकार होते.

येथे समीक्षेपुढे खरा पेच उभा राहतो. शोस्ताकोविच यांचा न्याय करणारे पक्षाधिकारी संगीताचे अडाणी होते, म्हणून त्यांना दोष देणे सोपे जाते. रातंजनकर अडाणी नव्हते. ते विद्वान, निःस्पृह आणि कर्तव्यदक्ष होते. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. तरीही भातखंडे संप्रदायाने मांडलेली थाटपद्धती आणि रागनियमांची व्यवस्था सरकारी श्रेणीची कसोटी बनली, आणि घराण्याघराण्यांत वेगळे चालणारे रागस्वरूप 'चूक' ठरण्याची शक्यता निर्माण झाली. घराणे ज्याला आपली तालीम म्हणत होते ते परीक्षकाच्या दृष्टीने अज्ञान ठरू शकत होते. वाईट हेतूने केलेले नियंत्रण कालांतराने उघडे पडते. चांगल्या हेतूने आणि ज्ञानाच्या अधिकाराने केलेले नियंत्रण अभ्यासक्रमाचे रूप घेते आणि पुढच्या पिढीला ते नियंत्रण होते हेही कळत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांनी या मुद्द्यावर थोडे थांबण्याची आवश्यकता आहे, कारण परीक्षा, श्रेणी आणि प्रमाणित पाठ्यक्रम ही त्यांच्याही व्यवसायाची साधने आहेत.

५. नियंत्रणाच्या चौकटीतील निर्मिती

चित्रपटगीताला पर्याय म्हणून केसकरांच्या काळात आकाशवाणीने सुगम संगीताला चालना दिली. या धोरणाचे एरवी कौतुक करण्यासारखे फार थोडे उरले असते; पण पुणे केंद्रावर एक असाधारण घटना घडली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी हे केंद्र सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायणा'चे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांच्या चाली आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेक कलावंतांचे आवाज. आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर ही मालिका चालली. १९५७ मध्ये गीतांचे पुस्तक काढले ते भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने.

'गीतरामायण' हे सर्वार्थाने शासकीय माध्यमाचे अपत्य आहे. वेळेची मर्यादा, आठवड्याची मुदत, सर्व वयोगटांना आणि थरांना रुचेल असा सोज्ज्वळपणा ही सारी त्या माध्यमाची बंधने. फडक्यांनी या बंधनांचे रचनातत्त्व केले. भूप रागातील पहिल्या गीतापासून प्रत्येक पात्राला आणि प्रसंगाला वेगळा राग वा धून मिळाली. रागाचा विस्तार करण्याला वाव नाही म्हणून रागाची ओळख मुखड्यातच पटेल अशी चाल बांधली गेली. ज्या श्रोत्याला ख्याल समजत नव्हता त्याच्या कानावर रागसंगीताचे संस्कार झाले. केसकरांना जे हवे होते ते त्यांच्या परीक्षक मंडळापेक्षा या मालिकेने अधिक साध्य केले.

विचारसरणीच्या अंगाने पाहिले तर येथील गुंतागुंत आणखी वाढते. फडके राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते. १९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिलढ्यात ते प्रत्यक्ष सहभागी झाले होते. १९४८ मध्ये ज्या संघटनेवर केंद्र सरकारने बंदी घातली होती तिच्या कार्यकर्त्याची रचना सात वर्षांनी नेहरूकालीन आकाशवाणीने वर्षभर प्रसारित केली. सोव्हिएत रशियात हे अशक्य होते. भारतीय नियंत्रण सच्छिद्र होते. ते व्यक्तीच्या मतांपेक्षा तिच्या संगीताच्या पोतावर लक्ष ठेवणारे होते. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे लागते की त्या पोतात रामकथा सहज सामावली. कामगाराची कैफियत किंवा आदिवासीचे गाणे तितक्या सहजतेने सामावले नाही.

सरकारच्या एका हाताचे दुसऱ्याला ठाऊक नसणे, हाही या सच्छिद्रतेचाच भाग. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते. 'बदकांचे गुपित', 'औक्षण' यांसारख्या संगीतिका त्यांनी लिहिल्या. शब्द, स्वर आणि नाट्य यांचा नभोवाणीसाठी मेळ घालणारा हा मराठीतील मोलाचा प्रयोग. त्याच मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर मुंबई सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. त्यातून ते निर्दोष सुटले. एकाच लेखकाला राज्यसंस्था एका खात्यातून वेतन देत होती आणि दुसऱ्या खात्यातून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत होती.

६. निनावी रचनाकार : शहापूर-मुरबाडच्या बाजूने

आतापर्यंतच्या विवेचनात आलेल्या सर्व रचनाकारांना नाव आहे. ज्याला नाव आहे त्याच्या अन्यायाची नोंद होते. ग्रामीण ठाणे जिल्ह्यातून पाहताना हा इतिहास म्हणून अपुरा वाटतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले. पुढे सुधारणेसाठी समिती नेमून आणि वगाच्या संहितेची पूर्वतपासणी करून प्रयोगांना वाट दिली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकालाही याच काळात बंदीला तोंड द्यावे लागले. लावणीचा आणि वगाचा रचनाकार म्हणजे फडातला शाहीर, बहुधा दलित समाजातला. बतावणी आणि सवाल-जवाब प्रेक्षक पाहून त्या रात्री बदलतात; त्यांची संहिता आगाऊ सादर करा म्हणणे म्हणजे ख्यालातील ताना आधी लिहून द्या म्हणण्यासारखे आहे. शास्त्रीय गायकाकडून सरकारने असे कधी मागितले नाही. त्याच्याकडून श्रेणी मागितली, तमासगिराकडून संहिता मागितली. नियंत्रणालाही जातीची उतरंड असते, हे या फरकातून स्पष्ट होते. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा येथील यात्रेत तमाशाच्या कनातीभोवती जमणारा प्रेक्षक हा या इतिहासाचा वारसदार आहे.

शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. उलट दिशेने, मुंबई केंद्राच्या लहरींवरून, मुंबईचा आवाज या डोंगराळ भागात येत राहिला. पाणी गेले त्याची मोजदाद आहे. आवाज आला त्यामुळे काय बदलले याची नाही. वारली, ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांच्या पाड्यांवरील गाणी, धवलेरीने लग्नात म्हटलेली दीर्घ विधिगीते, तारप्याच्या चालींवर फिरणारा नाच यांवर कोणत्याही मंत्र्याने बंदी घातली नाही. आकाशवाणीने लोकसंगीताच्या नावाखाली अशा गाण्यांना काही वेळ दिलाही. पण 'लोकसंगीत' हे वर्गीकरणच असे आहे की त्यात समाज असतो, रचनाकार नसतो. धवलेरी गाणे जसेच्या तसे पाठ म्हणत नाही. प्रसंगानुसार ती त्यात भर घालते, कथा लांबवते, आखडते. ख्यालगायक हेच करतो तेव्हा त्याला सर्जनशील म्हणतात. धवलेरी करते तेव्हा परंपरा म्हणतात. शिवाय रात्रभर चालणाऱ्या गाण्याला नभोवाणीने ठरवलेल्या मिनिटांत बसवले की त्याचा विधी सुटतो आणि केवळ नमुना उरतो.

हे नियंत्रण बंदीपेक्षा सौम्य आहे, पण अधिक टिकाऊ आहे. बंदी उठते, हार्मोनियमवरची शिथिल झाली, कृष्णरावांचा बहिष्कार संपला, 'कीचकवधा'चे प्रयोगही पुन्हा झाले. वर्गीकरण मात्र आपोआप उठत नाही. ते ग्रंथालयाच्या कपाटात, अभ्यासक्रमाच्या घटकांत आणि युवा महोत्सवाच्या स्पर्धाप्रकारांत कायम राहते.

निष्कर्ष

१. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत रचना लिखित संहितेत बंदिस्त नसल्याने येथील शासकीय नियंत्रण रचनेपेक्षा कलावंताच्या प्रवेशावर केंद्रित झाले. शब्द, मायक्रोफोन, वाद्य आणि श्रेणी ही त्याची चार ठिकाणे होत.

२. वसाहतकालीन आणि स्वातंत्र्योत्तर नियंत्रणात विच्छेदापेक्षा सातत्य अधिक आहे. हार्मोनियमबंदी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण.

३. सोव्हिएत उदाहरणावरून घेतलेली बळी-बंडखोर ही विभागणी मराठी संदर्भात अपुरी पडते. रातंजनकर यांच्यासारखा रचनाकार येथे परीक्षक होतो, आणि 'गीतरामायणा'सारखी श्रेष्ठ कृती शासकीय धोरणाच्या चौकटीतच जन्म घेते. म्हणून नियंत्रणाचा न्याय करताना रचनाकाराच्या धैर्याइतकेच लक्ष रचनेत नेमके काय बदलले याकडे द्यावे लागेल.

४. नियंत्रणाचे स्वरूप कलावंताच्या सामाजिक स्थानानुसार बदलते. शास्त्रीय गायकाला श्रेणी, कलावंतीण परंपरेतील गायिकेला चारित्र्याची अट, तमासगिराला संहितेची तपासणी आणि आदिवासी गायिकेला निनावीपण वाट्याला आले.

५. ग्रामीण महाविद्यालयांना या विषयात मोठे कार्यक्षेत्र आहे. म्हसा येथील यात्रेतील फडांच्या आठवणी, जुन्या रेडिओश्रोत्यांचे अनुभव आणि धवलेरींची गाणी ही सामग्री शहरातील अभिलेखागारात मिळणार नाही. ती नोंदवताना गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिच्या संमतीने, रचनाकार म्हणून लिहिले गेले तरी एका दीर्घकालीन नियंत्रणाची एक कडी निखळेल.